शेऱ्याचा रकाना

आमच्या संस्थेत कुणाला बढती हवी असली की त्याची कुंडली मी मांडतो. मी ज्योतिषी नाही, ग्रंथपाल आहे. अंधेरीच्या एमआयडीसीत, एका गोदामाच्या वरच्या दोन मजल्यांवर, आरोग्य धोरणांवर संशोधन करणारी आमची संस्था आहे आणि तिच्या लायब्ररीत मी, लवू परब, सत्तावीस वर्षं बसलेला आहे. प्राध्यापक व्हायचं तर माणसाने शोधनिबंध किती लिहिले आणि त्या निबंधांचा उल्लेख जगात इतर किती जणांनी आपल्या निबंधांत केला, हे मोजायचं, कागदावर घालायचं आणि खाली सही करायची. या उल्लेखांना सायटेशन म्हणतात. ज्याची सायटेशन्स जास्त तो मोठा. आत काय लिहिलंय ते कुणी विचारत नाही. मला या प्रकाराचा राग येतो, पण पगार त्याचाच मिळतो, म्हणून तो राग मी दुपारच्या चहापुरता ठेवतो.

ऑक्टोबरात मृणालिनी मॅडमची फाइल माझ्याकडे आली. डॉ. मृणालिनी गुप्ते, राहणार मुलुंड, वय अठ्ठावन्न. प्राध्यापकपदासाठी दोनदा मुलाखत देऊन दोनदा हात हलवत परतलेल्या. आमच्याकडे साठाव्या वर्षी निवृत्त करतात, त्यामुळे ही तिसरी खेप शेवटचीच होती. कँटीनमधला गोंगाट सोसत नाही म्हणून त्या रोज माझ्या लायब्ररीत, मागच्या कपाटांआड बसून डबा खातात. लायब्ररीत खायला बंदी आहे, पण ती पाटी मी त्यांच्यासाठी उलटी करून ठेवतो. त्या फार बोलत नाहीत. फाइल देताना मात्र म्हणाल्या की या वेळी आकडा चांगला भरेल, नाही का.

आकडा चांगलाच भरला. सत्तेचाळीस निबंध, नऊशे अठ्ठ्याऐंशी सायटेशन्स. पण त्यांतली सहाशे अकरा एकट्या एका निबंधाची. २०१३ सालचा, आठ पानी. भांडुपच्या टेकडीवरच्या वस्तीत रक्तदाबाच्या रुग्णांची पाहणी करून त्यांनी लिहिलं होतं की एकेचाळीस टक्के रुग्ण गोळ्या मध्येच सोडून देतात. हा एकेचाळीस टक्क्यांचा आकडा आमच्या क्षेत्रात एवढा प्रसिद्ध आहे की परिषदांमध्ये लोक मॅडमना 'फॉर्टीवन पर्सेंट गुप्ते' म्हणून ओळखतात. बाकीच्या शेहेचाळीस निबंधांकडे कुणाचं फारसं लक्ष गेलेलं नाही.

आता मोजून सही करून मी मोकळा व्हायला हवं होतं. पण माझा स्वभाव चौकस. बायको त्याला नसती उठाठेव म्हणते. यादी तपासताना माझ्या लक्षात आलं की मॅडमचा निबंध नियतकालिकात पान दोनशे एक्केचाळीसपासून सुरू होतो आणि उल्लेख करणारे बहुतेक जण दोनशे चौदा लिहितात. एकाची चूक समजू शकतो. मी मोजायला बसलो तर तब्बल चारशे तीस जणांनी दोनशे चौदाच लिहिलेलं. म्हणजे २०१४ साली कुणीतरी पहिल्याने चुकीचं पान टाकलं आणि बाकीच्यांनी मूळ निबंध न उघडता त्याच्यावरून उतरवून घेतलं. शाळेत आम्ही शेजारच्याच्या वहीतून गणित उतरवायचो तेव्हा निदान मास्तर कान तरी पिळायचे.

मग मला त्या चारशे तीस जणांचीच गंमत वाटू लागली. हे कोण लोक, यांना हा आकडा कशाला हवा होता? मी एकेक उघडून बघायला लागलो. दिवसाला वीस-पंचवीस. कुणी नायजेरियातले, कुणी नेपाळमधले, बरेचसे आपलेच. सगळ्यांची पहिली ओळ जवळपास सारखी: गरीब वस्त्यांतले रुग्ण औषधांबाबत बेफिकीर असतात. मॅडमच्या निबंधात बेफिकीर हा शब्द आहे की नाही ते मला माहीत नव्हतं, कारण खरं सांगायचं तर तो मीही कधी वाचला नव्हता.

चौथ्या दिवशी यादीत एक वेगळाच कागद सापडला. तो निबंध नव्हता. घाटकोपरमधल्या एका धर्मादाय ट्रस्टने आपल्या दवाखान्यांसाठी काढलेली नियमावली होती. त्यात लिहिलं होतं की रुग्ण औषधं अर्धवट सोडतात, गुप्ते, २०१३, पान दोनशे चौदा. सबब रक्तदाबाच्या गोळ्या एका वेळी सात दिवसांच्याच द्याव्यात आणि रुग्णाने दर आठवड्याला स्वतः येऊन पुढच्या घ्याव्यात.

तो दवाखाना मला माहीत होता. माझी थोरली बहीण सुलक्षणा भटवाडीत राहते आणि दर सोमवारी सकाळी सात वाजता तिथे रांगेत उभी असते. यंदा गणपतीला ती गावी निघाली, तेव्हा तिने तिथल्या बाईंकडे अकरा दिवसांच्या गोळ्या मागितल्या आणि त्यांनी नियम दाखवला. गावाहून ती परतली ती चक्कर घेऊनच. मी तिला फोनवर ओरडलो होतो की गोळ्या का चुकवल्यास. त्यावर ती शांतपणे म्हणाली होती, "सात दिसांच्यो गोळ्यो देतत आणि गणपती आमचो अकरा दिसांचो. मगे चार दिस माका कोण देतलो?"

तो नियम कुठून आला ते आता माझ्यासमोर छापलेलं होतं. मला मॅडमचा राग आला नाही. त्यांनी पाहणी केली, जे दिसलं ते लिहिलं. पण एकेचाळीस टक्के म्हणजे शंभरातले एकेचाळीस, आणि भांडुपच्या त्याच टेकडीवर मी वीस वर्षं काढली आहेत. आमच्याकडची माणसं तशी चेंगट. विकत घेतलेली गोळी टाकायला त्यांना जिवावर येतं. माझी आई तर मुदत संपलेल्याही खायची. म्हणून मी शेवटी मूळ अंक काढला, दोनशे एक्केचाळिसावं पान उघडलं आणि खुर्ची ओढून नीट वाचायला बसलो.

निबंध चांगला होता, साधा आणि सरळ. बेफिकीर हा शब्द त्यात कुठेही नव्हता. दुसऱ्या पानावर पद्धत सांगितली होती: सर्वेक्षक प्रत्येक रुग्णाच्या घरी तीन वेळा गेले, तीनही भेटींत जो सापडला नाही त्याने उपचार सोडला असं धरलं. भेटींचा काळ, २९ ऑगस्ट ते ९ सप्टेंबर २०११.

मी जुनी दिनदर्शिका काढली. २०११ साली गणेशचतुर्थी एक सप्टेंबरला होती.

मी कपाळावर हात मारून घेतला. गणपतीच्या त्या बारा दिवसांत भांडुपच्या टेकडीवर माणूस शोधायचा म्हणजे कमालच. वस्ती जवळपास सगळी कोकणातली, गणपतीला गावी जाणारी. आमच्या आख्ख्या गल्लीत तेव्हा दोन घरं उघडी असायची आणि त्यांतलं एक गुजराती वाण्याचं. त्या वर्षी माझ्याही घराला कुलूप होतं. हे बोरिवलीच्या किंवा परदेशातल्या कुणाला कळणार नाही, पण कोकणातल्या कुणालाही नुसत्या तारखा वाचून कळलं असतं. सहाशे अकरा जणांपैकी कुणी त्या तारखांपर्यंत पोचलंच नव्हतं.

दुपारी मॅडम डबा घेऊन आल्या तेव्हा मी ते पान आणि दिनदर्शिका त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी दोन्हीकडे पाहिलं. पोळीचा तुकडा डब्यात परत ठेवला. मग त्यांनी विचारलं की पाहणीचे मूळ फॉर्म असतील का. नियमाप्रमाणे ते दहा वर्षांनी रद्दीत जायला हवे होते. पण मी रद्दी घालण्याच्या बाबतीत आईवर गेलोय. शिडी लावली आणि माळ्यावरून चार गठ्ठे खाली काढले.

तीनशे बारा फॉर्म होते. आम्ही दोघं जमिनीवर चटई टाकून बसलो. त्यात एकशे अठ्ठावीस जणांपुढे 'उपचार सोडला' अशी खूण होती. प्रत्येक फॉर्मच्या शेवटी शेऱ्याचा रकाना होता, सर्वेक्षक मुलींनी हाताने लिहिण्यासाठी. तो कधी संगणकात भरलाच जात नाही. आकडे तेवढे भरतात, कारण शेऱ्याची टक्केवारी काढता येत नाही. बारा वर्षं जुन्या निळ्या शाईत त्या मुलींनी लिहिलं होतं: घर बंद. कुलूप. शेजारी म्हणतात, गावी. गणपतीला देवगडला गेले. घर बंद. एका फॉर्मवर तर स्पष्ट होतं: 'आजी गणपतीला गावी. गोळ्यांची पिशवी बरोबर नेली असे सूनबाई जाताना शेजारी सांगून गेली.' आणि तिच्यापुढेही उपचार सोडल्याची खूण.

अशी सत्त्याण्णव घरं निघाली. ती बाजूला काढली तर गोळ्या खरोखर सोडलेले एकतीसच उरत होते. एकेचाळीस टक्क्यांचे चौदा झाले.

मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या की त्या वेळी हाताखाली सुहासिनी नावाची पर्यवेक्षक होती, कणकवलीची. तिने आधीच बजावलं होतं, मॅडम, पंधरा दिवस थांबूया, सगळे गावी जातात. पण अनुदानाची मुदत सप्टेंबरअखेर संपत होती आणि मॅडमच्या मुलुंडच्या घरी गणपती दीड दिवसाचा, तोही सोसायटीतले लोक येऊन आरती म्हणून जाणार. गावी जाणं म्हणजे आख्खी वस्ती उठून जाते हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. "मी तिला काय म्हटलं सांगू? म्हटलं, रक्तदाब गणपतीची सुट्टी घेत नाही. सगळे हसले. मला वाटलं, मी फार हुशारीचं बोलले."

मला त्यांची फार कीव आली. मुलाखत दोन आठवड्यांवर होती. मी त्यांना व्यवहाराचं सांगितलं. सहाशे अकरा जणांना कळलं नाही ते निवड समितीलाही कळणार नाही. फॉर्म मी पुन्हा माळ्यावर ठेवतो. पद मिळू दे, मग काय दुरुस्ती छापायची ती छापा. फक्त पंधरा दिवस थांबा.

"पंधरा दिवस तेव्हा थांबायला हवं होतं, परब," त्या म्हणाल्या. "आता नको."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र पाठवलं आणि त्याची प्रत आपल्या हाताने फाइलला जोडली. सुलक्षणाच्या दवाखान्यालाही एक प्रत गेली. मला म्हणाल्या की यादीत अठ्ठेचाळिसावं म्हणून हे पत्र लिहा, सायटेशन्स शून्य. मी लिहिलं. सत्तावीस वर्षांत कुणी स्वतःची चूक आपल्या प्रकाशनांच्या यादीत लिहून घेतल्याचं मला आठवत नाही.

मुलाखतीच्या दिवशी मलाही आत बोलावलं, कारण नोंदींवर सही माझी. समितीत बाहेरचे तज्ज्ञ म्हणून डॉ. शरच्चंद्र धारप होते. त्यांचं सार्वजनिक आरोग्यावरचं जाडजूड पाठ्यपुस्तक आमच्याकडे तीन प्रतींत आहे. त्यांच्या समोर फाइल उघडी होती आणि ते मॅडमना समजुतीच्या सुरात सांगत होते की आकडा थोडा इकडेतिकडे असेल, पण निष्कर्ष तर सर्वमान्य आहे. एवढ्या लोकांनी तो स्वीकारलाय. या पत्राची गरज काय होती. मॅडम म्हणाल्या की निष्कर्ष सर्वमान्य आहे तो याच आकड्यामुळे. मग धारपांनी विचारलं की हा निबंध बाजूला ठेवला तर तुमच्या नोंदीत उरतं काय. मॅडम म्हणाल्या, "शेहेचाळीस निबंध आणि एक पत्र. ते पत्र मी सगळ्यात नीट लिहिलंय."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. मला विचारलं होतं फक्त एवढंच की सहाशे अकरा ही संख्या बरोबर आहे का. मी म्हणालो, संख्या बरोबर आहे, साहेब. तिथेच थांबायचं, पण राहवलं नाही. "पण त्यांतल्या चारशे तीस जणांनी निबंध उघडलेला दिसत नाही. ते पान दोनशे चौदा लिहितात. निबंध दोनशे एक्केचाळीसवर आहे. तुमच्या पुस्तकातही दोनशे चौदाच आहे."

धारपांनी फाइल मिटली. मॅडमनी माझ्याकडे बघितलंही नाही.

महिन्याभराने निकाल लागला. पद दुसऱ्या कुणाला मिळालं, पुण्याच्या एका गृहस्थांना. समितीने काय विचार केला ते मला ठाऊक नाही आणि ते पत्रामुळे झालं की माझ्या जिभेमुळे, हेही कधी कळणार नाही. मी मॅडमची माफी मागितली. त्यांनी डबा उघडला, मटकीची उसळ माझ्या बशीत वाढली आणि म्हणाल्या की पान नंबर तरी बरोबर सांगितलात ना, मग झालं. पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मला घरी जाऊन स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

जानेवारीत दुरुस्ती छापून आली, अर्ध्या पानात, अंकाच्या शेवटी. मी दर सोमवारी बघत होतो. जुन्या निबंधाला चारच आठवड्यांत आणखी नऊ सायटेशन्स मिळाली, दुरुस्तीला एकही नाही. एकेचाळीस टक्के आता मॅडमना विचारून फिरत नव्हते. तेव्हा मी ठरवलं की आपल्या हातात आहे ते करायचं. यादीतल्या ज्यांचे ज्यांचे पत्ते मिळाले त्या सगळ्यांना मी ईमेल पाठवायला लागलो, दिवसाला दहा. खाली लिहिलं, 'लवू परब, ग्रंथपाल', दुरुस्ती जोडली आणि एवढंच विचारलं की तुम्ही हा आकडा वापरला होता, तो कशासाठी, आणि आता काय कराल? खरंच मला जाणून घ्यायचं होतं. तीनशेच्या वर पत्रं गेली. उत्तरं आली अकरा. सहा जणांनी आभार मानले. दोघांनी विचारलं की तुम्ही कोण. एकाने माझी तक्रार आमच्या संचालकांकडे केली. दोन उत्तरं यंत्राने दिलेली होती.

बारावं उत्तर मार्चअखेर आलं. श्रुतिका राणे म्हणून कुणी होती. तिचं नाव यादीत होतं ते एका परिषदेच्या पुस्तिकेतल्या चार ओळींच्या सारांशामुळे, पुढे तिचं काहीच छापलेलं नव्हतं. तिचं पत्र मराठीत होतं. मी ते वाचलं, छापून घेतलं आणि मॅडमच्या डब्याशेजारी ठेवलं.

तिने लिहिलं होतं की ती सहा वर्षांपूर्वी पीएचडी करत होती. विषय हाच, गोळ्या कोण सोडतं. तिने मुलुंड आणि भांडुपमध्ये चारशे घरं केली, वर्षभर, आणि तिचा आकडा आला तेरा टक्के. तिच्या मार्गदर्शकांनी तो मानला नाही. गुप्ते एकेचाळीस म्हणतात, शेकडो लोक एकेचाळीस म्हणतात, आणि तू एकटी तेरा म्हणतेस. पाहणी पुन्हा कर. तिने पुन्हा केली. बारा आले. मग ते म्हणाले की तुला माणसांशी बोलता येत नाही, लोक तुझ्याशी खोटं बोलतात आणि तुला कळत नाही. शेवटी तिलाही तसंच वाटायला लागलं. तिने प्रबंध सोडला. आता ती पवईला एका विमा कंपनीत दावे तपासते. 'दुरुस्ती तीनदा वाचली,' असं शेवटी होतं. 'माझे फॉर्म मी अजून टाकलेले नाहीत. तुम्ही विचारलंत की आता काय कराल, म्हणून कळवते.' खाली फोन नंबर होता.

मॅडमनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. पद गेलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते आता आलं. त्या म्हणाल्या की मला वाटत होतं, नुकसान माझं झालं.

मग त्यांनी मोबाइल काढला आणि नंबर लावला. ऐकायला नीट येईना म्हणून स्पीकर लावला. लायब्ररीत तेही चालत नाही. मी उठून दार लावून घेतलं.

पलीकडून घाईतला, ऑफिसातला आवाज आला. हॅलो, कोण बोलतंय?

"मी मृणालिनी गुप्ते बोलतेय," मॅडम म्हणाल्या. "श्रुतिका, तुमचा आकडा बरोबर होता. चुकले होते ते मी."

पलीकडे माणसं बोलत होती, कुठेतरी प्रिंटर चालू होता. मग एक दार लागल्याचा आवाज आला आणि ते सगळं थांबलं. फोन कट झाला की काय म्हणून मॅडमनी पडद्याकडे बघितलं. मग खूप हळू, जवळून आवाज आला.

"मॅडम, हे तुम्ही मला लिहून द्याल का? आईला दाखवायचंय."

मॅडमनी मान डोलावली. डोलावलेली मान फोनवर दिसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मी संस्थेचा छापील कागद आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी तारीख घातली आणि लिहायला सुरुवात केली.